हंगाम संपल्यावर बसलेला आवाज

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा दुखायचा थांबला हे वाचून बरं वाटलं. तरी जिना चढताना कठडा धरत जा. कठडा धरल्याने निवृत्त ग्रंथपालाचा मान कमी होत नाही.

इकडची बातमी अशी की मी निवडणुकीला उभी आहे, शाळा मंडळासाठी. आणि दादाही उभा आहे, नगरपालिकेसाठी, आपल्याच वॉर्डातून. आता खुर्चीत नीट बसून पुढचं वाच.

बाजारामागची आपली शाळा बंद करायची आणि पोरं हमरस्त्यापलीकडच्या मोठ्या शाळेत घालायची, असं घाटतंय. आपल्या या शाळेत नर्स म्हणून मी आयुष्य काढलं. वरच्या वर्गांतली मुलं आधीच पलीकडे जातात. गेल्या महिन्यात त्यांतल्या एका मुलीला ट्रकने उडवलं. ती गेली. लहान असताना तिच्या फुटलेल्या गुडघ्यांना मी औषध लावलं होतं. आता पहिली-दुसरीची पोरंही तोच रस्ता ओलांडणार. शाळेच्या जागेवर शेजारच्या गोदामवाल्याचा डोळा आहे, आणि तोच आपल्या वॉर्डाचा नगरसेवक. शाळा मंडळ फक्त आपलं मत कळवतं, जागेचा ठराव नगरपालिकेत होतो. म्हणजे मी एकटी उभी राहून काही होणार नव्हतं. गोदामवाल्याला पाडू शकेल असा माणूस वॉर्डात एकच, आणि तो आपला भाऊ.

दादा तयार नव्हता. म्हणाला, मी बटाट्याचे लिलाव पुकारणारा माणूस, मला ठरावातलं काय कळतं. मी त्याच्या घरी ठाण मांडून बसले आणि अर्जावर सही होईपर्यंत उठले नाही. वहिनीने दोनदा चहा केला, तिसऱ्यांदा केला नाही. तू लहानपणी त्याला ठेवलेलं नाव आता पत्रकावर छापलंय, ‘तुमचा भोंगा’. तुला आवडणार नाही, माहीत आहे.

सध्या भोंगा बसलाय, हंगामात बसतो तसाच. त्यामुळे सभेत तो हात जोडून उभा राहतो आणि दोघांचं मीच बोलते. आवाज मोकळा होईपर्यंत त्याला मौन असा मी हुकूम काढलाय.

रागावलीस तरी चार ओळी लिही. माया पातळ करू नकोस.

तुझी,
धाकटी


९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तू उभी राहिलीस यात मला नवल नाही. शाळेत असताना वर्गप्रमुख होण्यासाठी तू दोन दिवस जेवली नव्हतीस. भोंग्याला ओढलंस ते मात्र मला पटलेलं नाही. माणसाने स्वतःच्या हौसेने पडावं, दुसऱ्याच्या हौसेने निवडूनही येऊ नये. पण अर्ज भरून झाल्यावर मला कळवतेस, तेव्हा माझं मत तुला नकोच होतं. ते मी माझ्यापाशी ठेवते.

एक मात्र विचारते. बटाट्याच्या गाड्या थांबल्या, बाजार सुना पडलाय, असं तूच मागच्या पत्रात लिहिलं होतंस. हंगाम संपला, तर आवाज कशाने बसला? एरवी गाड्या थांबल्या की आठवड्यात त्याचा घसा मोकळा होतो, हे मला इतक्या लांबून आठवतं. तू नर्स आहेस. दुसऱ्याच्या पोराचा घसा असता तर हुकूम काढला असतास की बॅटरी लावून आत पाहिलं असतंस?

त्याला डॉक्टरकडे ने. सभा नंतर घे.

दोघांनी जिवाला जपा.

ताई


१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

धाकटीने तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, म्हणजे तुझं ओरडणं तिच्या तोंडून ऐकलं. दोघींचा आवाज अगदी सारखा लागतो.

माझी काळजी करू नकोस. आमच्या बाजारात कुणाचा घसा बसला की लोक विचारतात, माल बराच आला वाटतं. म्हणून कुणी घाबरत नाही, मीही नाही. या वेळी जरा लांबलंय एवढंच. डॉक्टरने गोळ्या दिल्यात. घास उतरताना थोडा टोचतो, म्हणून जेवण आटोपशीर झालंय आणि पोट बरंच उतरलंय. जुनी विजार परत होते. बायको म्हणते, उमेदवार झाल्यापासून शोभतोस.

प्रचाराची गंमत सांगतो. गोदामवाल्याकडे कर्णे लावलेली गाडी आहे, माझ्याकडे धाकटी आहे. ती बोलते आणि मी मान हलवतो. हमाल म्हणतात, भाऊ बटाटे विकतो आणि बहीण भावाला विकते. पण खरं सांगू, आता मलाही चव लागलीय. परवा त्या गेलेल्या मुलीचा बाप आला. नुसता माझा हात धरून उभा राहिला. माझ्याही तोंडातून शब्द फुटत नव्हता, त्याच्याही. लोकांना वाटलं आम्ही काहीतरी ठरवतोय.

निवडून आलो तर तुला नगरपालिकेच्या वाचनालयात फुकट खुर्ची. ओरडायची मुभा असू दे, पण लोभही ठेव.

तुझा,
भोंगा


२७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तू एकटीनेच वाच.

काल दादाला घशाच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने लांब दांड्याचा आरसा घालून पाहिलं. स्वरयंत्रावर गाठ आहे. त्याने गाठ म्हटलं, पुढचा शब्द म्हटला नाही. मीही विचारला नाही, कारण मला तो ठाऊक होता. तुकडा काढून तपासायला हवा आणि ते इथे होत नाही. तुमच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात लगेच जा म्हणाला.

ताई, अर्ज मागे घ्यायची मुदत संपलीय. आता तो घरी बसला तरी त्याचं नाव मतपत्रिकेवर राहणारच, आणि आजारी माणसाला कोण मत देतं? गोदामवाला बसल्या जागी निवडून येईल आणि पहिल्याच बैठकीत शाळा मोडेल. मतदान महिनाभरावर आहे. दादा बाहेर येऊन बाकावर बसला आणि खरखरत म्हणाला की मतदान झाल्यावर जाऊ. मी त्याला नाही म्हणायला हवं होतं. मी विचारलं, नक्की? तो म्हणाला, नक्की. आणि मी विषय संपवला. संध्याकाळची सभा आम्ही घेतली.

वहिनीला सांगितलेलं नाही. त्यानेच नको म्हटलं. तूही सांगू नकोस.

मला रागाव, पण अंतर देऊ नकोस.

धाकटी


३ मार्च

चि. धाकटीस,
आ.

मी हॉस्पिटलात जाऊन रांगेत उभी राहिले आणि घशाच्या विभागात त्याचं नाव लावून आले. येत्या गुरुवारी सकाळी त्याला घेऊन ये. राहायची सोय माझ्याकडे आहे. लोकांना सांगा की बहीण आजारी आहे. मला आजारी पाडलंत तरी चालेल.

तू लिहितेस, आजारी माणसाला कोण मत देतं. उलट करून वाच. मत मिळावं म्हणून तू माणसाला आजारी ठेवते आहेस. त्या मुलीचं मला दुःख आहे. पण ती गेली, आणि भोंगा अजून आहे.

त्याने नक्की म्हटलं म्हणून तू विषय संपवलास. लहानपणी विहिरीत उडी मारायच्या आधीही तो नक्की म्हणायचा. तेव्हा त्याला दोरी कोण बांधायचं, आठव.

गुरुवारी तुम्ही आला नाहीत, तर शुक्रवारी मी त्याच्या बायकोला पत्र लिहीन. ही धमकी नाही, आधी सांगून ठेवते आहे.

ताई


१२ मार्च

ती. मोठ्या वन्संना,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. ते तसेच बादलीत टाकून त्या घशाच्या डॉक्टरकडे गेले. दवाखाना भरलेला होता. बाहेर थांबून नंबर लावायला हवा होता, पण मला भान राहिलं नाही. दारातूनच विचारलं की माझ्या नवऱ्याला कॅन्सर आहे का. डॉक्टर मला आत घ्यायला उठले, पण तोवर बाकांवरच्या सगळ्यांनी ऐकलं होतं. दिवस मावळायच्या आत वॉर्डभर झालं.

तिथून मी धाकट्या वन्संकडे गेले. त्या पत्रकांच्या घड्या घालत होत्या. मी आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हटलं, “शाळा तुमची, नवरा माझा. तुमच्या शाळेसाठी माझा नवरा कुणाला विचारून घेतलात?” सभेत इतकं बोलणाऱ्या वन्संनी हातातली पत्रकं उलटी करून ठेवली.

ह्यांना घेऊन उद्याच निघते असं ठरवलं, पण हे उठायला तयार नाहीत. म्हणतात, आता गेलो तर गोदामवाल्याने जे पसरवलंय ते खरं ठरेल. मी म्हटलं, ते खरंच आहे. त्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बाजारात निघून गेले.

तुम्ही आम्हाला कळवलंत, याचे उपकार आहेत. तुमचा आधार वाटतो, तो राहू द्या.

तुमची,
भावजय


१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

गोदामवाल्याची माणसं घरोघर सांगत होती की मेलेल्याला मत देऊन वॉर्ड पोरका करू नका. आमच्या पत्रकांवर काळी रेघ मारून ठेवायचे. सभेला माणसं येईनात. मी म्हटलं, दादा, आता पुरे, ताईकडे जाऊ. हे मी म्हटलं, ताई. उशिरा म्हटलं, पण म्हटलं. त्याने ऐकलं नाही.

मंगळवारी तो बाजारात गेला. हंगाम संपला तरी थोडा माल येतोच, आणि हल्ली त्याचा लिलाव दुसराच माणूस पुकारत होता. दादाने त्याला खाली उतरवलं आणि स्वतः गोण्यांवर चढला. बातमी फिरली तशी शेजारची दुकानं सोडून लोक आले. गोदामवाल्याचीही माणसं आली. दादाने पहिला भाव खरखरत पुकारला. कुणीतरी हसलं. मग त्याने मान मागे टाकली, आणि ताई, तो आवाज आला. तोच, पहाटे बाजारातून घरापर्यंत यायचा आणि आपण पांघरुणात ऐकायचो तो. सगळा माल विकेपर्यंत तो थांबला नाही. व्यापारी गरज नसताना बोली लावत होते. मी खाली उभी होते. मला त्याच्या मानेच्या शिरा दिसत होत्या, आणि मी नर्स आहे, मला काय दिसतंय ते कळत होतं. तरी शेवटी सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

उतरल्यावर त्याने तोंडाला रुमाल लावला. नंतर तो माझ्या हातात कोंबला आणि वहिनीला दाखवू नकोस अशी खूण केली. रुमाल लाल होता. तेव्हापासून कुजबुजही निघत नाही.

वॉर्ड आमच्या बाजूला परत आलाय. काळ्या रेघा थांबल्या. तुझ्याशिवाय हे कुणाला लिहू?

धाकटी


२४ मार्च

चि. धाकटीस,

आता सभांची बातमी मला नको. मतदान होताच पहिल्या गाडीने निघा, निकालासाठी थांबू नका. हॉस्पिटलात मी पुन्हा नाव लावलं आहे.

तुझ्या वहिनीने दवाखान्यात जे केलं, ते माझ्या पत्रामुळे. त्यानंतर जे झालं, त्यात माझाही वाटा आहे. तरी मी ते पत्र पुन्हा लिहिलं असतं.

ताई


२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दादा आणि वहिनी तुझ्याकडे पोचले असतील. वहिनीने मला गाडीत चढू दिलं नाही. फलाटावर सगळ्यांसमोर माझी पिशवी खाली ठेवली.

आज निकाल लागला. दादा निवडून आला, भरपूर मतांनी. मी पडले. लोक तोंडावर सांगतात की एका घरात दोन खुर्च्या कशाला, भावाला दिली ती तुझीच समज. बाजारात गुलाल उडाला, हमालांनी मला खांद्यावर घ्यायला पाहिलं. मी पळून घरी आले.

नगरपालिकेची पहिली बैठक महिनाअखेरीस आहे. शाळेच्या जागेचा ठराव त्यातच येणार. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आहेत, एकेक हात मोजला जाईल. तेवढ्या दिवसासाठी त्याला येता येईल का, डॉक्टरांना विचारशील? हे विचारते म्हणून माझा तिरस्कार करू नकोस.

दादाला निकाल सांग. जमलं तर मला तुझ्याकडून एक ओळ हवी आहे.

धाकटी


१६ एप्रिल

चि. धाकटीस,
आ.

तुला खरं ते लिहिते, कारण सौम्य करून लिहिलेलं तू ओळखशील.

स्वरयंत्र काढलं. गळ्याला भोक आहे, त्यातून तो श्वास घेतो. नळीने खातो. बोलणं गेलं, ते आता येणार नाही. गाठ मानेत उतरली होती, तिथली सगळी काढता आली नाही. मी सर्जनला सरळ विचारलं की फेब्रुवारीत आणला असता तर? तो म्हणाला, वर्षभर आधी आणला असता तर नक्की फरक पडता. मधल्या आठवड्यांबद्दल तो हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. मी तीनदा विचारलं. तेव्हा तुला आणि मला हे असंच घेऊन राहायचं आहे.

निकाल सांगितला. त्याने पाटीवर लिहिलं, “धाकटीचं काय?” पडली म्हटल्यावर त्याने पाटी पुसली. मग लिहिलं, “लोक गाढव आहेत.” तुझी वहिनी हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

बैठकीचं विचारलं. जखमेत पू झाला आहे, सर्जन सोडणार नाही. विचारलं म्हणून तिरस्कार करत नाही. पण दुसऱ्यांदा विचारू नकोस.

ताई


५ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बैठक झाली. दादाने हॉस्पिटलातून सही करून पाठवलेला कागद मी सचिवांना दिला. त्यांनी तो आदराने घेतला आणि सांगितलं की हजर नसलेल्या सभासदाचं मत धरता येत नाही. मी प्रेक्षकांत बसले. माझ्या पुढच्या रांगेत गोदामवाला होता, निवडणुकीत पडलेला, इस्त्रीचे कपडे घालून. दादाच्या नावाची पाटी रिकाम्या खुर्चीपुढे ठेवली होती.

हात वर झाले. दोन्हीकडे सारखे. मग अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत टाकलं, आणि शाळा गेली. सगळं इतक्या लवकर आटोपलं की पंखाही कुणी लावला नव्हता. बाहेर पडताना त्या मुलीचा बाप दाराशी उभा होता. तो म्हणाला, तुम्ही प्रयत्न केलात. मला त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सुट्टीनंतर पोरं पलीकडे जातील. आज मी शाळेत जाऊन औषधांचं कपाट रिकामं करून आले. मुख्याध्यापकांनी ते भंगारात काढलं होतं.

ताई, मी ज्यासाठी त्याला उभं केलं ते गेलं, आणि तोही चालला. तो तिथे असता, बोलता नसता तरी, हात वर करायला तिथे असता तर! हे मला आता सुचतं. त्या गुरुवारीच नेलं असतं, तर मुका का होईना, धड बरा झालेला भाऊ मी वेळेत तुझ्याकडून परत आणू शकले असते. मी तेव्हा फक्त मतदानाचा दिवस पाहिला.

मला त्याला भेटायचं आहे. त्याच्यापुढे एकदा डोकं ठेवून माफी मागायची आहे. वहिनीला विचार. तू शब्द टाकलास तर ती नाही म्हणणार नाही.

तुझीच,
धाकटी


१० मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

ठरावाच्या दिवशी सकाळी तो बूट घालून पलंगावर बसला होता. नळ्या तशाच होत्या. कुणाशी वाद घातला नाही, पाटीही घेतली नाही. दुपारी त्याने स्वतःच बूट काढले. त्यानंतर त्याने बैठकीचं विचारलं नाही. मीही सांगितलं नव्हतं. तुझं पत्र आल्यावर सांगितलं. त्याने मान हलवली.

आता तो माझ्याकडे आहे. सर्जनने पुढचे उपचार सुचवले नाहीत, वेदनेची औषधं तेवढी दिली आहेत. रस्त्याच्या बाजूच्या खोलीत त्याला ठेवलं आहे. खिडकी उघडी लागते. भाजीवाला ओरडत गेला की तोंड वाकडं करतो. त्याची पुकारण्याची पद्धत त्याला पसंत नाही.

तुझ्या वहिनीला विचारलं. काल भांडी पुसता पुसता म्हणाली, येऊ द्या त्यांना, पण या घरात वॉर्डाचं नाव निघता कामा नये. मी तुझ्या वतीने कबूल केलं आहे. तिच्याशी गोड बोलायला जाऊ नकोस. कामाला हात लाव, तेवढं ती चालवून घेईल.

तेव्हा ये, आणि लवकर ये. एक अट माझी आहे. त्याच्याजवळ बस, त्याचे पाय चेप, वाटलं तर रड. पण त्याच्याकडे माफी मागू नकोस. तू मागितलीस तर तो देणारच, आणि ती द्यायला त्याला पाटीवर लिहावं लागेल. त्याचा हात आता फार लवकर थकतो.

वाट पाहते आहे.

ताई